गद्दार नसलेली वस्ती : ‘डेड ऑफ विंटर’ या पटावरच्या खेळाविषयी

औषधाची चार पाने हवी होती. ढिगात चार पाने पडलीही होती, कारण आम्ही चौघांनी एकेक पान पालथे ठेवताना एकमेकांना पाहिले होते. पाने पिसून उघडली तेव्हा त्यांतली तीन औषधाची निघाली आणि चौथे इंधनाचे. नियम असा आहे की मागितलेले पान निघाले तर एक गुण मिळतो आणि भलतेच निघाले तर एक गुण जातो. म्हणजे तिनातून एक वजा, हाती दोन. संकट टळले नाही, वस्तीचे मनोधैर्य दाखवणारी सोंगटी एक घर खाली आली, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत, जिथे चौघांपैकी तिघे एकाच घरातले होते, पुढचा बराच वेळ कोणी कोणाकडे सरळ पाहिले नाही.

‘डेड ऑफ विंटर’ हा खेळ २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जोनाथन गिलमोर आणि आयझॅक वेगा हे त्याचे रचनाकार. दोन ते पाच जणांनी खेळायचा हा खेळ वरवर पाहता झॉम्बींचा आहे. मेलेली माणसे उठून चालू लागली आहेत, कडाक्याचा हिवाळा आहे, आणि एका गावातली उरलीसुरली माणसे आडोसा शोधून वस्ती करून राहिली आहेत. मला भुताखेतांच्या गोष्टींची मुळीच आवड नाही, आणि पुतण्याने खोके घरी आणले तेव्हा त्यावरचे चित्र पाहून मी ते कपाटावर टाकून दिले होते. वर्षभराने मी त्याच्याविषयी इतके सविस्तर लिहीत आहे याचे कारण झॉम्बी नाहीत. मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. माणूस स्वतःच्या गरजेसाठी गटाकडे येतो, जामीनदारांच्या भरवशावर पैसे उचलतो, आणि हप्त्याची तारीख आली की त्याच्या मनात स्वतःचे घर आणि दिलेला शब्द यांची ओढाताण सुरू होते, हे मी टेबलाच्या अलीकडून रोज पाहते. ती ओढाताण इतक्या नेमकेपणाने समोर ठेवणारी दुसरी कोणतीही वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

पटाच्या मध्यभागी वस्ती असते आणि भोवती सहा ठिकाणे: पोलीस ठाणे, किराणा दुकान, शाळा, वाचनालय, रुग्णालय आणि पेट्रोल पंप. एकूण तीस पात्रे आहेत. प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला चार मिळतात; त्यांतली दोन निवडायची आणि दोन परत करायची. स्पार्की नावाचा एक कसरतबाज कुत्राही या तिसांत आहे, आणि आमच्या घरात तो कोणाच्या वाट्याला येतो याची लहानमोठे सगळेच वाट पाहतात. पात्रे बाहेर जाऊन अन्न, औषध, इंधन, हत्यारे शोधून आणतात, आणि आणलेले पान ज्याचे त्याच्या हातात राहते. ते वस्तीसाठी टाकायचे की स्वतःजवळ ठेवायचे हे त्याने ठरवायचे असते, आणि सारा खेळ या एका गोष्टीभोवती फिरतो.

वस्तीच्या गरजा थांबत नाहीत. प्रत्येक फेरीच्या शेवटी वस्तीतल्या दर दोन माणसांमागे एक अन्न द्यावे लागते. ते कमी पडले की उपासमारीची एक सोंगटी येऊन बसते, आणि दर वेळी साठलेल्या सोंगट्या मोजून तितकी घरे मनोधैर्य उतरते. म्हणजे पहिला उपवास स्वस्त असतो आणि तिसरा वस्ती मोडणारा. वापरलेली पाने कचऱ्याच्या ढिगात जातात, आणि ढिगात दर दहा पानांमागे मनोधैर्य एक घर खाली येते. कचरा उपसायला आपला एक फासा, म्हणजे आपल्या पाळीतले एक काम, खर्च करावा लागतो आणि त्यातून अवघी तीन पाने कमी होतात. या कचऱ्याच्या नियमाने मला पहिल्याच डावात गाठले. तो साफ केल्याने कोणी शूर ठरत नाही, कोणाच्या हातात नवे पान येत नाही, आणि नाही केला तर त्या क्षणी कोणाचे काही बिघडतही नाही. आमचे पहिले दोन डाव झॉम्बींनी बुडवले नव्हते, कचऱ्याने बुडवले होते. तिसऱ्या डावात माझ्या धाकट्या जाऊबाईंनी, ज्या दिवसभर गणवेशाच्या कारखान्यात शिलाईयंत्रावर बसून आलेल्या असतात, काही न बोलता आपला एकेक फासा कचऱ्यासाठी द्यायला सुरुवात केली. त्यांना त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही, आणि आज लिहिताना ही गोष्ट मला बोचते.

वस्तीचे एक सामाईक उद्दिष्ट असते आणि ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याखेरीज प्रत्येकाला एक गुप्त पान मिळते. बहुतेक गुप्त पानांवर दोन अटी असतात: वस्तीचे उद्दिष्ट पूर्ण झाले पाहिजे, आणि शिवाय तुमची स्वतःची एक गरज भागली पाहिजे. कोणाला शेवटी हातात औषधे शिल्लक हवी असतात, कोणाला इंधन, कोणाला हत्यारे. वस्ती तगली आणि तुमची गरज भागली नाही, तर बाकीचे जिंकले आणि तुम्ही हरलात. सगळेच जिंकू शकतात, एखादाच जिंकू शकतो, आणि वस्ती तगूनही कोणीच जिंकले नाही असेही होऊ शकते. बाकीच्या पानांवर गद्दारी लिहिलेली असते. ते पान ज्याच्या हाती आले त्याला वस्ती बुडालेली हवी असते.

येथे रचनाकारांनी जे गणित मांडले आहे ते मला या खेळातले सर्वांत मोलाचे वाटते. खेळाडू जितके, त्याच्या दुप्पट साधी पाने घ्यायची, त्यांत गद्दारीचे फक्त एक पान मिसळायचे, पिसायचे आणि प्रत्येकाला एक वाटायचे; उरलेली पाने न पाहता बाजूला ठेवायची. आम्ही चौघे असलो की आठ साधी आणि एक गद्दारीचे अशी नऊ पाने होतात आणि त्यांतली चार वाटली जातात. म्हणजे गद्दार आपल्यात असण्याची शक्यता नवात चार, शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास. निम्म्याहून अधिक डावांत गद्दार नसतोच. हे सगळ्यांना आधीपासून माहीत असते, आणि तरीही पहिले संकट फसले की प्रत्येक जण गद्दार शोधू लागतो.

त्या रात्री तेच झाले. इंधनाचे पान कोणी टाकले? शेजारचे सर, जे चाळीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले आहेत, शांतपणे म्हणाले, की घाई करू नका, हातात औषध नसलेला माणूसही असे पान टाकू शकतो. या एका वाक्याने त्यांच्यावरच संशय आला. पुतण्या म्हणाला, “सर, तुम्ही टाकलंय म्हणूनच तुम्ही समजून सांगायलाय.” खेळात कोणालाही वस्तीबाहेर काढण्याचा ठराव मांडता येतो आणि सगळ्यांनी एकदम अंगठा वर किंवा खाली करून मत द्यायचे असते. तिघांचे अंगठे वर होते. माझाही होता. मी कोणत्या पुराव्यावर तो वर केला हे मला आजही सांगता येणार नाही. समोरच्या दोघांचे हात हलताना दिसले आणि माझा हात त्यांच्यामागून गेला.

सर बाहेर गेले. बाहेर काढलेला खेळाडू खेळातून बाद होत नाही. तो नवे उद्दिष्ट घेऊन वस्तीबाहेरून खेळत राहतो. दोन फेऱ्यांनी पुन्हा एक संकट फसले आणि आता संशयाला एकच जागा उरली होती. जाऊबाईंनी ठराव मांडला आणि आम्ही दोघींनी पुतण्याला बाहेर काढले. गद्दार नसलेले दोन खेळाडू वस्तीबाहेर गेले तर मनोधैर्य त्याच क्षणी शून्यावर येते, हा नियम आम्ही सुरुवातीला वाचला होता आणि विसरलो होतो. दोघांनी पाने उघडली. दोघेही प्रामाणिक होते. आम्ही दोघीही होतो. त्या वस्तीत गद्दार कोणीच नव्हता, आणि ती आम्ही चौघांनी आपल्या हातांनी संपवली होती.

इंधनाचे पान पुतण्याचेच होते. त्याच्या गुप्त पानाला औषधे हवी होती, म्हणून हातातली औषधे त्याने राखून ठेवली; पण ढिगात काहीच टाकले नाही तर सगळ्यांना दिसेल, म्हणून दिसण्यापुरते एक पान टाकले. काहीच टाकले नसते तर बेरीज तीन झाली असती, आणि सरांकडे एक जादा औषध होते ते त्यांनी टाकले असते. गरज लपवण्यासाठी टाकलेल्या पानाने गरजेपेक्षा जास्त नुकसान केले. हे मला इतके ओळखीचे वाटले की मी त्या रात्री नीट झोपू शकले नाही. आमच्या कार्यालयात ज्याला हप्ता भरणे शक्य नसते तो येऊन तसे सांगत नाही. तो पुढच्या तारखेचा धनादेश देऊन जातो, जो वटणार नाही हे त्याला आधीच माहीत असते. येऊन सांगितले तर मुदत वाढवून देता येते. न वटलेल्या धनादेशानंतर कागद वेगळ्याच टेबलावर जातात.

स्वार्थ आणि गट यांच्यातल्या पेचाचे शास्त्रीय रूप म्हणून ‘कैद्यांचा पेच’ बहुतेक वाचकांना माहीत असेल. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये तो मांडला आणि अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले. दोघांनीही एकमेकांना साथ दिली तर दोघांचे भले, पण प्रत्येकाला एकट्याने विचार केला की दगा देणेच फायद्याचे दिसते. पुढे १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर याच पेचाची स्पर्धा घेतली, त्यात पुन्हा पुन्हा तोच डाव खेळायचा होता, आणि अनातोल रॅपोपोर्ट यांची अगदी साधी चाल जिंकली: पहिल्यांदा साथ द्या, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच करा. आपण ज्याला जशास तसे म्हणतो तेच. पण जशास तसे वागायचे तर समोरच्याने काय केले ते दिसावे लागते. ‘डेड ऑफ विंटर’मध्ये संकटाची पाने पालथी पडतात आणि उघडण्याआधी पिसली जातात. कोणी दिले आणि कोणी राखले हे कळण्याची वाट रचनाकारांनी जाणूनबुजून बंद केली आहे, आणि त्या एका पिसण्यामुळे प्रामाणिक माणसांची वस्ती संशयितांची होते.

हा माझा तर्क आहे असे वाटू नये म्हणून त्याच खेळातला दुसरा प्रसंग सांगते. बाहेर जाताना पात्राला बारा बाजूंचा एक फासा टाकावा लागतो. त्याच्या एका बाजूवर दाताची खूण आहे. ती आली तर ते पात्र चावा बसून मरते आणि त्याच ठिकाणच्या दुसऱ्या पात्राला लागण होते. त्या दुसऱ्या पात्राच्या धन्याला तेव्हा दोन पर्याय असतात: आपले पात्र स्वतःहून मारून लागण तिथेच थांबवायची, किंवा फासा टाकून नशीब अजमावायचे, आणि फासा कोरा आला नाही तर आपलेही पात्र जाते व लागण तिसऱ्याकडे सरकते. हा निर्णय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचा असतो. वर्षभरात आमच्याकडे हा प्रसंग अनेकदा आला आणि बहुतेक वेळा माणसांनी आपले पात्र दिले. याच पुतण्याने, ज्याने औषधे राखून ठेवली होती, रुग्णालयात आपला सर्वांत कामाचा माणूस क्षणाचाही विलंब न लावता दिला. माणूस तोच, हातही तोच. एका ठिकाणी सगळे पाहत होते आणि दुसऱ्या ठिकाणी पाने पालथी होती.

मला आठवते ती आमची भिशी. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बारा जणी, दरमहा दोन हजार, दर महिन्याला एकीला चोवीस हजार. सहा महिने सुरळीत गेले. सातव्या महिन्यात कोणीतरी म्हणाले, की ज्यांना रक्कम मिळून गेली त्यांतल्या दोघी आता पैसे देणार नाहीत म्हणे. कोण दोघी हे कोणालाच माहीत नव्हते, कारण पैसे एकीकडे गोळा होत आणि कोणी कधी दिले याची वही आम्ही कधी पाहिलेली नव्हती. मग ज्यांना रक्कम मिळायची होती त्यांनीच आधी हात आखडता घेतला. बुडणार असेल तर आपले दोन हजार तरी कशाला घालायचे, असा सरळ हिशेब. मीही त्यांतली एक होते. महिनाभरात भिशी मोडली. पुढे कळले की पैसे न देण्याचे कोणी ठरवलेलेच नव्हते. ज्या बाईंकडे पैसे जमत त्यांनी आम्हा सगळ्यांचे उरलेले पैसे पै न पै परत केले, पण आम्ही बारा जणी पुन्हा कधी एकत्र बसलो नाही.

याच्या उलट आमच्या गल्लीतले पाणी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. पाणी आले की कोणीतरी थेट नळाला मोटर लावते आणि गल्लीच्या टोकाच्या घरांचे नळ कोरडे पडतात. कायद्याने ते चूक आहे, तरी होते. पण आमच्या गल्लीत ते फार काळ टिकले नाही, आणि याचे कारण आमची गल्ली सज्जन आहे हे नव्हे. मोटरचा आवाज येतो. टोकाच्या घरातल्या आजी कळशी घेऊन नुसत्या त्या दाराशी येऊन उभ्या राहत, काही बोलत नसत, आणि मोटर बंद होई. पालथ्या पानाला आवाज नसतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक पाणी, जंगल, मासेमारी माणसे स्वतःच्या नियमांनी कशी टिकवतात याच्या अभ्यासासाठी, आणि टिकलेल्या ठिकाणी त्यांना जे वारंवार आढळले त्यांत एक हेही होते की वापरणारेच एकमेकांवर लक्ष ठेवतात. महिला बचत गटात हप्त्याची नोंद सगळ्यांसमोर वाचून का दाखवतात हे मी वीस वर्षे नियम म्हणून सांगत आले होते. या खेळाने मला त्याचे कारण दाखवले.

सासूबाई खेळत नाहीत, पण पलंगावर बसून सगळे ऐकतात. त्यांचे आयुष्य गिरणीच्या चाळीत गेले. सर आणि पुतण्या बाहेर काढले गेले त्या रात्री त्या म्हणाल्या, “संपात कुणाची चूल पेटली न्हाई ते अख्ख्या चाळीला दिसायचं. धूर न्हाई म्हणजे पीठ न्हाई. कुणाला सांगावं लागत नव्हतं, मागावं लागत नव्हतं.” बारा जानेवारी नुकतीच होऊन गेली होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ साली त्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली, आणि चार पुतळ्यांवरून जाताना सोलापूरकराला समूहनिष्ठेचा सर्वांत मोठा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण तो अर्थ इतका मोठा आहे की आपल्या रोजच्या निष्ठेला त्याचे माप लावता येत नाही. हातातल्या दोन औषधांपैकी एक देणे, आपला फासा कचऱ्यावर घालवणे, ही निष्ठा कोणत्याही पुतळ्याखाली लिहिली जात नाही. सासूबाईंच्या चाळीत ती धुरावरून मोजली जात होती.

आता खेळाच्या उणिवा. सर्व मजकूर इंग्रजीत आहे, आणि या खेळात मजकूर पुष्कळ आहे. ‘क्रॉसरोड्स’ नावाची पाने, ज्यांना आम्ही चौफुलीची पाने म्हणतो, ती तर छोट्या गोष्टीच आहेत: तुमच्या पाळीला तुमच्या उजवीकडचा खेळाडू एक पान उचलून मनातल्या मनात वाचतो, आणि त्यात लिहिलेली गोष्ट तुमच्या हातून घडली तरच ते मोठ्याने वाचून तुमच्यापुढे निवड ठेवतो. दाराशी आलेल्या निराधार माणसांना आत घ्यायचे की नाही, असे प्रश्न त्यांत येतात. ही माणसे काम करत नाहीत, पण अन्न खातात. ज्याला इंग्रजी सावकाश वाचावे लागते तो या पानांपाशी अडखळतो आणि गोष्टीचा जोर जातो. मी सगळी पाने मराठीत उतरवून एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवली आहेत आणि त्यावर क्रमांक घातले आहेत, तेव्हापासून जाऊबाई ती सर्वांत चांगली वाचतात. काही पाने मुलांसमोर वाचण्यासारखी नाहीत. ती आधी पाहून वेगळी काढावीत. मांडणीला अर्धा तास लागतो, पहिला डाव तीन तासांच्या आत होत नाही, आणि दाताच्या खुणेचा तो फासा कधीकधी इतका निर्दय असतो की पहिल्याच पाळीत चांगले पात्र जाते. पात्रे गेली म्हणून माणूस मात्र खेळातून उठत नाही, त्याला नवे पात्र मिळते, आणि ही सोय मला महत्त्वाची वाटते. पुठ्ठ्याच्या आकृत्या प्लॅस्टिकच्या बैठकीत वारंवार घालून काढून त्यांचे पाय सोलू लागले आहेत. आमच्या खोक्याचा एक कोपरा चेपलेला आला होता आणि विक्रेत्याने त्याची दखल घेतली नाही, पण आतले सामान पूर्ण होते. परदेशातून येणारा खेळ असल्यामुळे किंमत बरीच आहे. आम्ही दोन घरांनी मिळून तो घेतला आणि खोके एक महिना आमच्याकडे, एक महिना सरांकडे असते.

दोघांनीच खेळायचा असेल तर हा खेळ घेऊ नये. दोघांच्या डावात गद्दारीचे पान नसते आणि मग संशय उरत नाही. तो एक साधा, बरा, सहकाराचा खेळ होतो. तिघांत चालतो. चौघे किंवा पाच जण, आणि शक्यतो एकमेकांना बरीच वर्षे ओळखणारे, असतील तर त्याचे सगळे सामर्थ्य दिसते. नवख्यांना घेऊन बसायचे असेल तर पहिल्या डावात गद्दारीचे पान काढून ठेवावे आणि तसे सगळ्यांना सांगावे, म्हणजे नियम हाताखालून जातात. दुसऱ्या डावापासून ते परत घालावे. ज्या घरात नुकताच पैशावरून किंवा वाटणीवरून वाद झाला आहे तेथे तूर्त हा खेळ नेऊ नये असे मी मनापासून सांगेन. येथे खोटे बोलणे नियमाला धरून आहे, आणि दुखावलेल्या माणसाला तेवढा फरक करता येत नाही.

आमच्या खेळण्यात एक बदल झाला आहे, आणि तो नियमांच्या बाहेरचा नाही. गुप्त पान दाखवता येत नाही, पण बोलण्यावर बंदी नाही. गेल्या काही महिन्यांपासून संकटाचे पान उघडले की प्रत्येक जण आधी सांगतो, मी किती देणार आणि किती राखणार. ते खरेच असेल याची खात्री नसते, गद्दारही तसेच बोलू शकतो. तरी पहिल्यांदा पुतण्या म्हणाला, “काकू, मला शेवटी औषध लागणारंय, दोन मी ठेवणार, बाकी जे मिळेल ते टाकतो,” तेव्हा सरांनी मान हलवली आणि सोंगट्यांच्या डबीतून एक कोरी सोंगटी काढून त्याच्यासमोर ठेवली, त्याचे दोन ठेवायचे ठरले आहे याची खूण म्हणून. त्या फेरीत चार औषधे हवी होती आणि ढिगातून सहा निघाली. गरजेपेक्षा दोन जास्त आली तर मनोधैर्य एक घर वर चढते, आणि आमची सोंगटी वर्षभरात पहिल्यांदा वर गेली ती तेव्हा. त्या सहांत कोणाची किती हे पाने पिसलेली असल्यामुळे कळले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.